न मोजलेला पाऊस

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर वाचायला आणि स्क्रीनकडे बघायला बंदी होती. (आता सगळं ठीक आहे. पुण्याच्या आणि बार्शीच्या मंडळींनी काळजी करू नये, फोनही करू नयेत, परवापासून तेवीस झालेत!) या बंदीच्या काळात आमच्या नातीने माझी शिकवणी घेतली. ती इथे सोलापुरातच इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचा प्रोजेक्ट आहे रडारवर. आजोबा डोळे मिटून पडलेले, तेव्हा ती आपला अभ्यास मोठ्यानं वाचायची. मला करमणूक आणि तिचं पाठांतर, असं दुहेरी काम.

मी आर्ट्सचा माणूस. बी.ए. इतिहास घेऊन, तेही मराठी माध्यमातून. गणिताशी माझा संबंध हजेरीपटाच्या बेरजेपुरता. त्यामुळे तिचं निम्मं वाचन डोक्यावरून जायचं. पण एक दिवस ती मध्येच थांबून म्हणाली, "आजोबा, गंमत बघा की. हे रडार मुद्दाम ताल चुकवतं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. तालात राहिलं तर फसतं म्हणून."

त्या एका वाक्यावर मी उठून बसलो. तिला वाटलं, आजोबांना विषय आवडला. आवडला होताच. पण मला चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची शाळेतली एक वही आठवली होती. तिच्याबद्दल शेवटी लिहितो. आधी रडारची गोष्ट, कारण ती कळल्याशिवाय वहीची कळणार नाही.

आपल्याकडे पावसाचं आणि आकड्यांचं नातं फार जुनं आणि फार दुःखाचं आहे. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनवर आला आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. शहराच्या उशाला एकरुखचा तलाव नुकताच, १८७१ साली, झाला होता, पण एका तलावानं जिल्हा तरत नाही. तिकडे सरकारने १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन केलं होतं. पाऊस मोजायचा, लिहून ठेवायचा आणि त्यात काही नियम सापडतो का ते बघायचं, अशी ती उमेद होती.

नियम शोधणारे लगेच पुढे आले. १८७७ मध्ये नॉर्मन लॉकियर हा खगोलशास्त्रज्ञ आणि विल्यम हंटर हा इथला अधिकारी, दोघांनी मिळून सूर्यावरचे डाग आणि दुष्काळ यांची सांगड घालणारा लेख प्रसिद्ध केला. सूर्यावरचे डाग सुमारे अकरा वर्षांनी वाढतात आणि कमी होतात. मद्रासच्या पावसातही तसंच आवर्तन दिसतं, असं त्यांचं म्हणणं. विचार करा, हे खरं ठरलं असतं तर पुढचा दुष्काळ कॅलेंडरवर लिहून ठेवता आला असता! लोकांना ही कल्पना आवडली यात नवल नाही. पण पावसाने ती मानली नाही.

माणसाला आकड्यांच्या रांगेत लय दिसायला लागते, असलेलीही आणि नसलेलीही. पोराला ढगात हत्ती दिसतो तसं. खरी लय कोणती आणि भास कोणता, हे ठरवायला एक चाळणी हवी होती. ती १८९८ मध्ये आर्थर शूस्टर या शास्त्रज्ञाने दिली. त्याची रीत साधारण अशी. आकड्यांच्या रांगेवर वेगवेगळ्या लांबीची आवर्तनं लावून बघायची, पाच वर्षांचं, सात वर्षांचं, अकरा वर्षांचं, आणि प्रत्येक आवर्तन कितपत जोरात बसतं ते मांडायचं. लोलकातून उन्हाची तिरीप गेली की तांबडा किती, निळा किती हे पट्ट्यात वेगळं दिसतं, तसं. म्हणून याला वर्णपट म्हणतात. वर एक प्रश्नही त्याने जोडून दिला. नुसत्या योगायोगाने एवढा उंच सुळका किती वेळा आला असता? हा प्रश्न विचारला की पुष्कळशा आवर्तनांची हवा जाते.

पण या चाळणीची एक अट होती. आकडे सारख्या अंतराने घेतलेले हवेत. रोज, किंवा दर महिन्याला, किंवा दर वर्षाला. मध्ये खंड नको. आणि जगात खंड नाही अशी वही कुठे असते? ही अडचण लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचं आहे.

आता रडार. सुरुवात मात्र त्याच्याही आधीपासून करायला हवी. १८४२ मध्ये प्राग शहरात ख्रिस्तियन डॉपलर नावाच्या प्राध्यापकाने व्याख्यान दिलं, की आवाज किंवा प्रकाश देणारी वस्तू जवळ येत असेल तर त्याची पट्टी चढते, लांब जात असेल तर उतरते. आपल्याला हे रेल्वेच्या शिट्टीमुळे माहीत आहे. त्या काळी रेल्वे हीच नवलाई होती. तीन वर्षांनी, १८४५ मध्ये, बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने उट्रेख्टजवळ चक्क आगगाडीवर तुतारी वाजवणारे बसवले आणि कडेला सुरांचा कान असलेले वादक उभे केले. गाडी येताना सूर चढा आणि जाताना उतरता! वादकांनी कानाने साक्ष दिली. हाच बाइस बॅलट पुढे मोठा हवामानशास्त्रज्ञ झाला. आगगाडीवरची ती तुतारी शंभर-सव्वाशे वर्षांनी हवामानाच्याच कामी येणार आहे, हे मात्र त्याला तेव्हा ठाऊक असणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात रडार आलं ते शत्रूची विमानं शोधायला. रेडिओ लहरींचा एक ठोका सोडायचा, तो कशावर तरी आपटून परत येतो, किती वेळात आला त्यावरून अंतर कळतं. विहिरीत ओरडून खोली अजमावावी तसं. त्यात पावसाचे ठिपके मध्येमध्ये यायचे आणि सैनिक वैतागायचे. युद्ध संपल्यावर हवामानवाल्यांनी तोच वैताग उचलला. १९४८ मध्ये कॅनडात मार्शल आणि पामर यांनी पावसाच्या थेंबांच्या आकारांचं गणित मांडलं, तेव्हापासून रडारच्या प्रतिध्वनीवरून पाऊस किती याचा अंदाज करता येऊ लागला. पण ढगात वारा कोणत्या दिशेनं आणि किती वेगानं, हे कळायला डॉपलरच हवा. भारतात हवामान खात्याचं पहिलं डॉपलर रडार २००२ मध्ये चेन्नईला बसलं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर हा शब्द वर्तमानपत्रातून आपल्या सगळ्यांच्या तोंडी आला.

इथून पुढचं नातीने मला कसं समजावलं ते सांगतो. तिने घड्याळाचा मिनिटकाटा घेतला.

"आजोबा, समजा तुम्ही घड्याळाकडे बरोबर एका तासाने बघताय. तासकाटा नाहीच, फक्त मिनिटकाटा. दुपारी बघितलं, बारावर. तासाने बघितलं, बारावर. परत तासाने, बारावर. तुम्ही काय म्हणाल?"

"बंद पडलंय म्हणेन."

"बरोबर. आता दर चाळीस मिनिटांनी बघा. आधी बारावर, मग आठवर, मग चारवर. काय दिसेल?"

मी बोटांनी हवेत काटा फिरवला. बारावरून आठ, आठवरून चार. "उलटं फिरतंय!"

"झालं. घड्याळ तेच. तासाने बघितलं तर बंद, चाळीस मिनिटांनी बघितलं तर उलटं." जुन्या सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसायची, ती याचमुळे. कॅमेरा ठरावीक वेळाने टिपतो, आणि दोन टिपणांच्या मध्ये चाक किती फिरलं हे त्याला कळत नाही.

रडारचंही तेच. ते सेकंदाला समजा हजार ठोके सोडतं. प्रत्येक ठोका परत येताना जणू एका घड्याळाच्या काट्याची जागा घेऊन येतो. थेंब हलला की काटा हलतो. दोन ठोक्यांत काटा किती फिरला त्यावरून थेंब रडारकडे येतोय की लांब जातोय आणि किती वेगाने, हे कळतं. पण दोन ठोक्यांच्या मध्ये काटा अर्ध्या फेरीपेक्षा जास्त फिरला, तर तो पुढे गेला की मागे, हे सांगता येत नाही. येणारं वादळ जाणारं दिसतं.

मग ठोके जास्त भरभर सोडावेत! मी लगेच तोडगा सांगितला. नात हसली. म्हणाली, सगळे आधी हेच म्हणतात. पण मग दुसरा ठोका निघेपर्यंत पहिला लांबून परत आलेलाच नसतो. तो उशिरा आला की कोणत्या ठोक्याचा प्रतिध्वनी कोणता, हा गोंधळ. लांबचा ढग जवळ दिसतो.

तिने आकडे काढून दाखवले. सुमारे ५.३ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर चालणारं रडार घेऊ, म्हणजे मध्यम आकाराचं. सेकंदाला हजार ठोके सोडले तर ते १५० किलोमीटरपर्यंत गोंधळाशिवाय बघतं. सोलापुरात ठेवलं तर पंढरपूर, धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गी हे सगळं आलं. पण वेग मात्र तासाला ४८ किलोमीटरपर्यंतच बरोबर कळतो. ३०० किलोमीटर लांब बघायचं म्हटलं तर ठोके निम्मे करावे लागतात आणि वेगाची मर्यादा २४ वर येते. आपल्याकडच्या वळवाच्या वाऱ्याला २४ म्हणजे काहीच नाही, पत्रे उडवणारा वारा याच्या कितीतरी पुढे असतो. म्हणजे लांब बघावं तर वेग चुकतो, वेग बघावा तर लांबचं दिसत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

यावरचा तोडगा म्हणजे ताल चुकवणं.

परत घड्याळ घेऊ. एकदा चाळीस मिनिटांनी बघायचं, मग साठ मिनिटांनी, मग परत चाळीस, परत साठ. चाळीसच्या अंतराला काटा बारावरून आठवर गेलेला दिसतो. म्हणजे एकतर सरळ चाळीस मिनिटं पुढे किंवा वीस मिनिटं मागे. साठच्या अंतराला जागचा हलत नाही. म्हणजे एकतर बंद किंवा पूर्ण फेऱ्या. बंद असेल तर चाळीसच्या वेळी हलला कसा? चाळीस मिनिटांत वीस मागे गेला म्हणावं, तर साठ मिनिटांत तीस मागे जायला हवा होता, सहावर दिसायला हवा होता. दोन्ही साक्षी एकत्र ठेवल्या की तासाला एक फेरी, तीही सरळ, हेच उत्तर उरतं. (फार वेगाने पळणारं वेडं घड्याळ असेल तर गोष्ट वेगळी, असं नातीने बजावलं आहे.) जणू वीस वीस मिनिटांनी बघितल्याइतकं कळलं, आणि प्रत्यक्षात इतक्या वेळा बघितलंच नाही.

मंडळी, तुमच्यापैकी जे माझ्यासारखे जुने मास्तर आहेत त्यांना हे ऐकून दिपोटीसाहेबांची आठवण आली असेल. साहेब तपासणीला ठरलेल्या दिवशी यायचे. त्या दिवशी फळे काळेकुळकुळीत, नखं कापलेली, पाढे पाठ. साहेबांच्या वहीत शाळा वर्षानुवर्षं आदर्श! एखादाच साहेब असा निघायचा की आज आला, परवा परत आला, मग दहा दिवसांनी भलत्याच वेळी दारात उभा. त्याला शाळा खरी दिसायची. रडारची युक्ती ही त्या दुसऱ्या साहेबाची. फरक एवढाच की रडार कधी येणार हे त्याने स्वतः काटेकोर ठरवलेलं असतं, आणि स्वतःच्या वहीत तंतोतंत लिहिलेलं असतं. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे.

मगाचं रडार असं दोनास-तीन प्रमाणात ठोके सोडू लागलं तर १५० किलोमीटर तेवढेच राहतात आणि वेगाची मर्यादा ४८ वरून ९५ च्या आसपास जाते.

ही कल्पना १९७० च्या दशकातली. पण कल्पना सुचणं वेगळं आणि संसार करणं वेगळं. ठोके असमान झाले की शूस्टरची ती अट मोडते. आकडे सारख्या अंतराने नाहीत, मग वर्णपट काढायचा कसा? आणि वर्णपट तर हवाच. कारण रडारच्या कानावर एकट्या थेंबाचा आवाज येत नाही. हजारो थेंब वेगवेगळ्या वेगाने, शिवाय जमिनीवरच्या टेकड्या, इमारती, पाण्याच्या टाक्या यांचाही प्रतिध्वनी त्यातच. टाकी हलत नाही, तिचा वेग शून्य. वर्णपटात शून्यावरचा तो सुळका वेगळा दिसला तरच तो काढून टाकता येतो, नाहीतर टाकी म्हणजेच पाऊस.

इथे दोन भारतीय नावं येतात. नातीने वाचली तेव्हा मी परत वाचायला लावली. १९८५ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रवास महापात्र आणि अमेरिकेत ओक्लाहोमाच्या वादळ प्रयोगशाळेतले दुशान झर्निक यांनी या गोंधळावरच्या दोन युक्त्या तपासणारा निबंध लिहिला, त्यातली एक ही असमान ठोक्यांची. पुढे २००० मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.चे एम. सच्चिदानंद यांनी झर्निक यांच्याबरोबर वर्णपट काढायची एक रीत दिली.

ती रीत ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. सांगतो का ते.

घड्याळाचंच घ्या. वीस वीस मिनिटांच्या घरांची एक पट्टी आखा. आपण सुरुवातीला बघितलं, मग चाळीस मिनिटांनी, मग साठ मिनिटांनी, आणि पुढे तसंच. म्हणजे पहिल्या घरात नोंद आहे, दुसरं रिकामं, तिसऱ्यात नोंद, चौथं आणि पाचवं रिकामं, सहाव्यात परत नोंद. नोंदीला १ आणि रिकाम्याला ० म्हटलं तर १०१००, १०१००, १०१०० अशी रांग होते. सच्चिदानंद म्हणतात, रिकाम्या घरात शून्य भरा.

शून्य भरलं की रांग सलग झाली आणि नेहमीच्या चाळणीत टाकता आली. पण बाहेर येतं ते खोटं. खऱ्या वर्णपटाच्या एकावर एक पाच सावल्या पडलेल्या असतात, कारण भरलेली शून्यं पाच-पाच घरांनी तशीच परत येतात. आपण भरलेल्या शून्यांनी स्वतःची एक लय निर्माण केलेली असते, जी पावसात नव्हतीच. इथे साधा माणूस थांबला तर फसला. पण यांच्याकडे १०१०० ही किल्ली आहे. कुठलं शून्य मोजलेलं नाही, नुसतं भरलेलं आहे, हे त्यांना माहीत आहे. त्या किल्लीने पाच सावल्या उलट सोडवत जायच्या आणि खरा पट वेगळा काढायचा. वेगांची पसर फार रुंद नसेल तर हे जमतं, रुंद असेल तर सावल्या एकमेकींत मिसळतात. शून्य भरणं हा गुन्हा नाही. ते भरलेलं आहे हे विसरणं, हा गुन्हा आहे.

खगोलशास्त्रज्ञांनी हाच पेच वेगळ्या वाटेनं सोडवला होता. तारा बघायचा तर दिवसा दिसत नाही, ढग आले की दिसत नाही, दुर्बिणीची पाळी दुसऱ्याची असली की दिसत नाही. त्यांच्या वह्या भोकाभोकांच्याच. १९७६ मध्ये निकोलस लोंब आणि १९८२ मध्ये जेफ्री स्कार्गल यांनी जी रीत पक्की केली, ती म्हणते की रिकाम्या जागी काहीच भरू नका. जेवढ्या नोंदी खरोखर आहेत तेवढ्यांवरच आवर्तनं बसवून बघा, आणि शूस्टरचा तो जुना प्रश्न, की हे योगायोगाने किती वेळा झालं असतं, तोही विचारा. ही रीत आज जगभर वापरतात, ताऱ्यांपासून हृदयाच्या ठोक्यांपर्यंत.

आता सोलापूर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने आपल्याकडे कृत्रिम पावसाचा मोठा प्रयोग केला. केगावच्या सिंहगड अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परिसरात रडार बसवलं होतं. विमानं ढगाच्या बुडाशी जाऊन कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळायची. गावात तेव्हा काय काय चर्चा! विमान आलं की ढग पळतात, असंही लोक म्हणायचे. आमच्या कट्ट्यावर मीही म्हणालो असेन.

पण त्या प्रयोगातली एक गोष्ट मला नातीमुळे आता नीट कळली. सगळ्या ढगांवर फवारणी केलीच नव्हती. कुठल्या ढगावर करायची आणि कुठला तसाच सोडायचा, हे चिठ्ठी उचलल्यासारखं नशिबावर ठरवलं होतं. नाहीतर माणूस चांगले चांगले ढग निवडतो आणि पाऊस पडला की श्रेय घेतो. असे २७६ ढग तपासले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. फवारलेल्या ढगांखाली वाऱ्याच्या दिशेने १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सुमारे १८ टक्के जास्त पाऊस. अठराच, दुप्पट-तिप्पट नव्हे. आणि तोही ढग असतील तरच. आभाळ निरभ्र असेल तर विमान काय करणार?

आता ती वही.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. मी एका खेड्यात शिक्षक होतो. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होतं आणि त्याची नोंद माझ्याकडे. रोज सकाळी साडेआठला पाणी मापाच्या काचेत ओतायचं, आकडा वहीत लिहायचा, महिनाअखेर तक्ता तालुक्याला पाठवायचा. आपल्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरातला, आणि गौरी-गणपतीही बहुधा तेव्हाच. चार दिवस सुट्टी मिळाली, मी घरी गेलो. परत येऊन बघतो तर पोरांनी खेळताना पर्जन्यमापक उपडं केलेलं. आत थेंब नाही. चार दिवसांत किती पडला, पडला की नाही, काहीच कळायला मार्ग नाही.

वहीत चार घरं रिकामी. रिकामी घरं बघून वरून विचारणा होईल, सुट्टीत नोंदीची व्यवस्था का केली नाही म्हणून. मी पेन उचललं आणि चार वेळा शून्य लिहिलं. सुंदर, गोल, वळणदार शून्यं. माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं.

महिन्याभराने गावातले एक गृहस्थ शाळेत आले. त्या चार दिवसांतल्या एका रात्री ओढ्याला पूर आला होता, त्यांचा बांध फुटला, उभी तूर आणि वीतभर माती वाहून गेली. मदतीसाठी ते एका कचेरीत गेले तर त्यांना सांगितलं गेलं, की त्या दिवशी तुमच्या गावात पाऊसच नाही, शाळेची नोंद शून्य आहे. ते मला म्हणाले, "गुरुजी, तुमच्या वहीत बघा की एकदा. काहीतरी चुकलं असंल."

मी वही काढली. त्यांच्यासमोर उघडली. आणि म्हणालो, "आण्णा, वहीत आहे ते आहे."

ते काही बोलले नाहीत. वहीतल्या शून्याकडे बघत राहिले, मग टोपी नीट केली आणि गेले. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण शून्य सगळ्यांना वाचता येतं.

मी तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं, की हे शून्य मोजलेलं नाही, मी भरलेलं आहे. नोकरी गेली नसती. फार तर एक मेमो आला असता. त्यांना मदत मिळाली असती की नाही, कोण जाणे. पण त्यांची रात्र मी वहीतून पुसली नसती. ओढ्याचा आवाज त्यांनी रात्रभर ऐकला होता, आणि माझी वही म्हणत होती, तू काही ऐकलं नाहीस.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सौ.लासुद्धा नाही. नातीने १०१०० वाचलं तेव्हा तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग इंजिनिअरसारखं म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे किल्ली आहे ना अजून? कुठली चार शून्यं भरलेली, ते तुम्हाला माहीत आहे. मग ते लिहून ठेवा."

ते गृहस्थ जाऊन बरीच वर्षं झाली. शाळेची वही कुठल्या गठ्ठ्यात असेल, असेल की नाही, सांगता येत नाही. पण मला प्रत्येक नोंदीची एक नक्कल स्वतःच्या डायरीत ठेवायची सवय होती, आणि डायऱ्या माळ्यावर आहेत. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर पहिलं काम ते केलं. ते पान सापडलं. चार शून्यं तशीच गोल. त्यांच्यावर काट मारली नाही, जे केलं ते दिसायला हवं. समासात लिहिलं, "हे चार दिवस मी पाहिले नाहीत. गावात ओढ्याला पूर आला होता." खाली आजची तारीख घातली, सही केली.

अक्षर आता थरथरतं. असो.

तुमच्यापैकी कुणाकडे वडिलांच्या, आजोबांच्या पावसाच्या, पिकांच्या, हिशेबाच्या वह्या असतील तर जपून ठेवा. त्यात रिकाम्या जागा दिसल्या तर त्या तशाच राहू द्या. जिने आपल्याला काही माहीत नाही हे कबूल केलं आहे, ती वहीची सर्वांत खरी जागा असते. आणि कुठे शून्य दिसलं, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, हे मोजलेलं का भरलेलं? तो हयात असेपर्यंतच विचारा. किल्ली त्याच्याकडेच असते.

पुढच्या वेळी काहीतरी हलकंफुलकं लिहीन, आमच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या भागनिरीबद्दल बरेच दिवस लिहायचं राहिलं आहे. तोवर सगळ्यांना नमस्कार, आणि लहानांना आशीर्वाद.